काजू की बेदाणा

मधुमतीचा फोन आला तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी काम आहे. लंडनच्या स्टॅनमोरला आम्ही दोघी सात वर्षं एकाच रस्त्यावर राहतो. मला पाहिलं की ती गाडीतून हात करते, पण गाडी थांबवत नाही.

"अरुणा, तू अमेरिकेत शिकलीस ना गं? तिकडे साउथला?"

"वीस वर्षं झाली. का?"

"सॉरॉरिटी म्हणजे नक्की काय असतं?"

मी सांगितलं. कॉलेजातल्या मुलींचे क्लब असतात, ग्रीक अक्षरांची नावं असलेले. प्रत्येकाचं मोठं घर असतं. टर्म सुरू होण्याआधी नव्या मुली आठवडाभर नटूनथटून या घरातून त्या घरात फिरतात, हसतात, गप्पा मारतात. त्या बाहेर पडल्या की आतल्या मुली दार लावून घेतात आणि कोण हवी, कोण नको ते मतांनी ठरवतात. माझी रूममेट अशाच एका घराची मेंबर होती. ती आत बसून मतं द्यायची आणि खोलीवर येऊन मला सगळं सांगायची.

"आपल्या मंडळासारखंच की!" मधुमती म्हणाली. 

तिची मुलगी अनुया इथली बारावी, म्हणजे ए-लेव्हल्स, संपवून सप्टेंबरात अमेरिकेला निघाली होती, स्कॉलरशिपवर. मधुमतीच्या न्यू जर्सीच्या चुलतबहिणीनं तिच्या डोक्यात भरवलं होतं की चांगल्या सॉरॉरिटीत नाव लागलं तर जन्माचं कल्याण, नाहीतर पोरगी चार वर्षं एकटी जेवेल. रिचमंडला एक अमेरिकन बाई होती, मिसेस हॅडली. ती मुलींना या आठवड्यासाठी कोचिंग द्यायची. ग्लास कुठल्या हातात धरायचा, कुठल्या दिवशी काय घालायचं, आणि मुलगे, पैसा, धर्म, राजकारण यांवर एक अक्षरही कसं काढायचं नाही.

"मग बोलायचं कशावर?" मी विचारलं.

"तेच तर ती शिकवते ना! पण रवी ऐकत नाही. म्हणतो, गणिताला ट्यूटर दिला, ड्रायव्हिंगला इन्स्ट्रक्टर दिला, आता मैत्रिणी करायला कोच?"

तिचे मिस्टर, डॉक्टर रवी, इतकं शहाणं बोलले असतील यावर माझा विश्वास बसेना.

"म्हणून म्हटलं," मधुमती मुद्द्यावर आली, "कोच लावायचा की नाही ते ठरवण्याआधी घरीच एक ट्रायल घेऊ. भिशीच्या सगळ्याजणी अमेरिकन मुली होतील. कसं करायचं ते तू सांग. आणि हे बघ, शिल्पा ब्रिस्टलला गेली, तिची जागा रिकामी आहे. तू एवढं अनुयाचं बघ, मग मी बोलते सगळ्यांशी."

मला त्या भिशीत जायचं होतं. सांगून टाकते, उगाच मान वर करून कशाला बोलू? पैशांशी मला देणंघेणं नव्हतं. घटस्फोट घेऊन इथे आले तेव्हापासून माझे शनिवार टेस्कोत आणि धुण्यात जातात. मागच्या हिवाळ्यात जिन्यावरून पडले. दवाखान्यातल्या पोरीनं विचारलं, घराची दुसरी चावी कोणाकडे आहे? कोणाकडेच नव्हती. ती माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. शिल्पानं जाता जाता मला सांगितलं होतं की भिशीत मला घेण्याचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा सगळ्या म्हणाल्या, "छान आहे गं, पण ग्रुपमध्ये बसेल का?" म्हणजे नक्की काय, ते शिल्पालाही सांगता आलं नाही.

तर शनिवारी मी साडी नेसून गेले. मधुमतीच्या लाउंजमध्ये तिच्यासकट भिशीच्या पाचही जणी हजर होत्या. सुप्रभाताई सगळ्यांत मोठ्या, त्यांच्याशिवाय भिशीचं पान हलत नाही. स्वातीची मुलगी अनुयाच्याच वर्गातली, पण तिला मँचेस्टरचं मेडिसिन थोडक्यात हुकलं होतं. बाकीच्या दोघी सुप्रभाताई मान हलवतील त्या दिशेला मान हलवतात.

अनुया आली. जीन्स, मोकळे केस, चेहऱ्यावर 'हे काय चाललंय' असं हसू.

"वेलकम टू अवर हाउस," सुप्रभाताई अमेरिकन झाल्या. "फादर काय करतात?"

"आंटी, तुम्ही त्याला ओळखता. तुमचं ब्लड प्रेशर तोच बघतो."

"सुप्रभाताई, हे तिथे विचारत नाहीत," मी म्हटलं.

"मग मुलगी कुठल्या घरातली ते कळणार कसं?"

"ते आधीच काढून ठेवलेलं असतं."

"अस्सं," सुप्रभाताईंना अमेरिका एकदम आवडली.

स्वातीनं ए-लेव्हलचा रिझल्ट विचारला. अनुयानं खरा सांगितला, तिथेच स्वातीचा चहा गार झाला. तिसरीनं छंद विचारला. अनुया म्हणाली, "मला एकटं बसायला आवडते. आणि लोक खोटं बोलले की मला हसू येते." तेवढ्यात चौथी म्हणाली की तिला अनुयाचा टॉप फार आवडला, आणि अनुयाला खरंच हसू आलं.

मग पोरीला वर पाठवलं आणि दार लावलं.

मला वाटलं होतं की यांना मतदान समजावून सांगावं लागेल. कसलं काय! पंधरा वर्षांचा सराव होता. सुप्रभाताईंनी सुस्कारा सोडून सुरुवात केली, "पोरगी गोड आहे गं, पण जरा…"

"जरा काय?" मधुमतीनं विचारलं.

"जरा स्वतःचंच खरं करणारी," स्वाती म्हणाली. "राग मानू नकोस हं, आपण अमेरिकन मुली म्हणून बोलतोय."

"छान आहे," तिसरी म्हणाली, "पण ग्रुपमध्ये बसेल का?"

मी हातातली बशी खाली ठेवली. चौथीनं मान हलवली. मधुमती कसंनुसं हसत होती. तिनं स्वतः हे वाक्य माझ्याबद्दल म्हटलं होतं की नाही, कोण जाणे. पण ऐकताना तिला ते नवं वाटलं नाही, हे मी पाहिलं.

"मतं गुप्त असतात," मी म्हटलं. आता असं वाटतं की जीभ चावायला हवी होती. शिऱ्यासाठी काढलेले काजू आणि बेदाणे समोर होते. मी पितळी गडवा घेतला आणि त्यावर नॅपकिन टाकला. हवी असेल तर काजू, नको असेल तर बेदाणा, मूठ झाकून आत सोडायचा. आई म्हणून मधुमतीला मत नव्हतं. आम्ही पाचजणींनी मतं टाकली.

मधुमतीनं गडवा ताटलीत पालथा केला. चार बेदाणे, एक काजू.

खेळ होता, सगळ्या शेजारणी होत्या, पोरीला लहानाची मोठी होताना पाहिलं होतं. चार काजू टाकायला काय जात होतं? पण मूठ झाकलेली असली की माणूस फार खरं वागतं.

काजू माझा होता. पण त्या ताटलीसमोर तसं म्हणणं म्हणजे उरलेल्या चौघींकडे बोट दाखवणं, आणि मला तर त्याच चौघींची मर्जी हवी होती. मी गप्प राहिले. भ्याडपणाच तो, दुसरं काय!

"शिरा गार होतोय," सुप्रभाताई म्हणाल्या.

मधुमतीनं शिरा वाढला, आणि वाढता वाढताच जाहीर केलं, "कोच लावायचा. घरच्यांनीच घेतली नाही, तर ती परकी माणसं कशाला घेतील?" जिन्यात अनुया उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, हे फक्त मला दिसलं.

पुढच्या भिशीला शिल्पाच्या जागेचा विषय निघाला. मधुमतीनं शब्द पाळला, माझं नाव घेतलं. आणि मग सुप्रभाताई म्हणाल्या की मागच्या वेळची ती काजू-बेदाण्याची पद्धत छान होती, नाही? उगाच कुणाला तोंडावर बोलायला नको.

हे मला मधुमतीनं फोनवर सांगितलं. "सॉरी गं अरुणा. पाच बेदाणे निघाले आणि एकच काजू. मनाला लावून घेऊ नकोस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तो काजू माझा होता."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

तासाभरानं स्वातीचा फोन. इकडचं तिकडचं झालं, मग, "कुणाला सांगू नकोस हं, पण तुझा तो काजू मीच टाकला." संध्याकाळी तिसरीचा आला, दुसऱ्या दिवशी चौथीचा. एका काजूच्या चार मालकिणी झाल्या. मी प्रत्येकीला थँक्यू म्हटलं, एव्हाना तरबेज झाले होते.

रविवारी दुपारी अनुया आली. दोन दिवसांनी तिचं विमान होतं.

"कोच कशी आहे?" मी चहा टाकत विचारलं.

"मी जात नाही. मी ममला सांगितलं, मी त्या घरांमध्ये जाणारच नाही. एकटी जेवीन. पण पैसे परत मिळत नाही, सो मम जाते." ती हसली. "आता ग्लास डाव्या हातात धरते."

मीही हसले. मग ती टेबलाकडे बघत म्हणाली, "मावशी, माझा तो एक काजू तुझा होता ना?"

"हो."

"मला वाटलंच. लास्ट वीक तुझ्या वेळी भिशी आमच्याकडेच होती, गडवा मी फिरवत होते. किचनमध्ये मी आत बघितलं. सगळे बेदाणे होते. मला खूप वाईट वाटलं, म्हणून मग मी एक काजू टाकला."

पाच बायका, पाच बेदाणे आणि वर एक काजू. ताटलीत सहा मतं पडली होती, आणि भिशीच्या पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या त्या पाचजणींनी ती मोजली नव्हती. प्रत्येकीला वाटलं असणार, बरं झालं, कोणीतरी टाकला. मग तो आपलाच म्हणायला काय हरकत होती?

मी अनुयाला जवळ घेतलं. 

फोन वाजला. सुप्रभाताई होत्या. पाचवा फोन यायचा राहिला होताच.

"अरुणा, वाईट वाटून घेऊ नकोस हो. आणि तो एक काजू होता ना…"

"मला माहीत आहे ताई, तो कोणी टाकला ते."

"कळलं ना तुला?" सुप्रभाताई खूश झाल्या. "मी म्हटलंच होतं, अरुणाला बरोब्बर कळेल."