पिवळ्या तोंडाचा भस्माक्ष

आशाबाईला बाहुल्यांच्या कारखान्यात लागून दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्षात तिनं एकच काम केलं होतं. भस्माक्षाचं तोंड पिवळं करायचं.

भस्माक्ष म्हणजे 'ताराकोट के प्रहरी' या कार्टूनमधला दुष्ट राजा. दर रविवारी सकाळी ते टीव्हीवर लागायचं. मूळचं ते परदेशातलं. तिकडं आधी बाहुल्या निघाल्या आणि बाहुल्या खपाव्यात म्हणून मागाहून कार्टून काढलं, असं सुपरवायझर मधुसूदनराव बायकांना सांगायचे. तिकडच्या पोरांची हौस दहा वर्षांपूर्वीच फिटली होती. मग झिजलेले साचे जहाजात बसून इकडं आले, कार्टून हिंदी बोलायला लागलं, आणि वाळूजच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ताराकोटचे सगळे वीर दुसऱ्यांदा जन्म घ्यायला लागले. साचे जुने, त्यामुळं कुणाचं नाक गुळगुळीत, कुणाची बोटं एकमेकांना चिकटलेली. पोरांना त्याचं काही नव्हतं. शूरसेन नावाचा गोरागोमटा नायक होता, पण खपायचा भस्माक्ष. काळं अंग, हातात भाला आणि पिवळंजर्द तोंड.

ते ब्याण्णव साल होतं. पाचोडकडं लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. आशाबाईच्या सासऱ्यानं पोरासारखी वाढवलेली मोसंबीची बाग उभ्या उभ्या वाळली, तेव्हा नवरा सुदर्शन म्हणाला की आता इथं बसून झाडांकडं बघण्यात अर्थ नाही. तो वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत लागला. रांजणगावात एक खोली मिळाली. त्यांच्यासारखी माणसं रोज येत होती. महिन्याला नवी गल्ली उठायची, नव्या खोल्यांवर नवे पत्रे पडायचे, पण पाणी काही वाढत नव्हतं. चौथ्या दिवशी टँकर यायचा आणि सगळी गल्ली ड्रम घेऊन धावायची.

या गल्लीत आशाबाईला मान होता, तो बाहुल्यांमुळं. रंग ओघळलेला, भाला मोडलेला माल मधुसूदनराव बाजूला काढायचे आणि बायकांना घरी न्यायला सांगायचे. आशाबाई पिशवीत दोन-चार घालून आणायची आणि ज्याच्या-त्याच्या लेकराला द्यायची. पोरं तिला भस्माक्षवाली काकू म्हणायची. रविवारी सगळी पोरं शेजारच्या सर्जेरावच्या खोलीत टीव्हीपुढं दाटीवाटीनं बसायची, प्रत्येकाच्या हातात आशाबाईनं दिलेली बाहुली. तिची सहा वर्षांची सोनिया सगळ्यात पुढं असायची. भस्माक्ष पडद्यावर आला की ती हातातला भस्माक्ष तोंडाशी न्यायची आणि कार्टून संपेपर्यंत चघळत राहायची. दात पडायचं वय, हिरड्या शिवशिवत असतील, म्हणून आशाबाईनं कधी हटकलं नाही.

माघ संपता संपता सोनियाचं पोट दुखायला लागलं. परसाकडं होईना, जेवण जाईना. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना टाकलेल्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं आणि टँकरच्या पाण्यावर बोट ठेवलं. ते सगळ्यांनाच पटलं. कुठल्या विहिरीतून भरतात कोण जाणे, टँकरच्या तळाला बोटभर गाळ निघायचा. आशाबाई पाण्यात तुरटी फिरवायची, चार पदरी फडक्यानं गाळायची, वर स्टोव्हवर उकळायची. सुदर्शन म्हणायचा, एवढं तर राजाच्या घरीसुद्धा कोणी करत नसेल. तरी पोरगी दिवसेंदिवस पांढरी पडत चालली. खेळणारं पोर भिंतीला टेकून बसायला लागलं. हाक मारली तर उशिरा वळून बघायचं.

एक दिवस शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला. दिवाळीत सबंध बाराखडी घडाघडा म्हणणारी सोनिया आता 'का'च्या पुढं जात नव्हती. आशाबाईनं तिला मांडीवर घेऊन म्हणायला लावलं. सोनियानं क, का म्हटलं आणि आईच्या तोंडाकडं बघत राहिली. रडली नाही, लाजली नाही. पुढचं अक्षर कुणी तरी पुसून नेलं असावं तशी नुसती बघत राहिली. त्या दिवशी आशाबाईला पहिल्यांदा भीती वाटली.

कारखान्यातही काही तरी बिनसलं होतं. तिच्या शेजारच्या पाटावर कडूबाई बसायची. चार वर्षं तिनं पिवळ्याच रंगात काढली होती. ब्रशाचं टोक जिभेवर ओलं करून इतकं बारीक काढायची की भस्माक्षाच्या पापणीची रेघसुद्धा चुकायची नाही. चैत्रात एका दुपारी तिच्या हातातून ब्रश पडला. तिनं उचलला, तो पुन्हा पडला. मग तिनं हात पुढं धरला तर मनगट खाली लोंबत होतं, मोडलेल्या फांदीसारखं.

"उचलंनाच गं," कडूबाई हळूच म्हणाली, जसं काही दुसऱ्याच्या हाताबद्दल बोलत होती.

बायकांनी वात ठरवला. मधुसूदनरावांनी येऊन तो हात पाहिला आणि कडूबाईला पॅकिंगला बसवलं. नंतर ते बराच वेळ खिडकीशी पाठमोरे उभे होते, हे आशाबाईनं पाहिलं. आठ दिवसांनी कडूबाई यायची बंद झाली.

वैशाखातल्या एका रविवारी सर्जेरावच्या खोलीतून पोरांचा गलका ऐकू आला आणि लगेच थांबला. आशाबाई धावली. टीव्हीवर लढाई चालू होती. पोरं भिंतीला चिकटली होती आणि मधोमध सोनिया आडवी पडून झटके देत होती, डोळे वर, दात घट्ट. सर्जेरावनं रिक्षा बोलावली. औरंगाबाद येईपर्यंत सुदर्शननं पोरीला छातीशी आवळून धरलं होतं आणि आशाबाई सारखी तिचं नाव घेत होती.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात त्या दिवशी मृण्मयी नावाची तरुण डॉक्टर होती. झटका थांबवल्यावर तिनं सोनियाचे ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेनं पेन्सिलीनं ओढावी तशी निळसर काळी रेघ होती. तिनं सुदर्शनला विचारलं, बॅटरीचं काम करता का. तो नाही म्हणाला. मग तिनं आशाबाईला विचारलं, मुलगी तोंडात काय काय घालते.

आशाबाईनं पाण्याची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरीणबाईंनी ती शांतपणे ऐकली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा आशाबाईनं कनवटीची बाहुली काढून दिली. पोरीच्या मुठीतून सुटेना म्हणून रिक्षात तिनंच ती सोडवून घेतली होती.

डॉक्टरीणबाईंनी ती उजेडात धरली. "याच्या तोंडावर रंगच नाही?"

"हाय की. पिवळा असतो. मीच लावते, दोन हात मारते..." आशाबाई बोलता बोलता थांबली. बाहुलीचं तोंड काळं कुळकुळीत होतं, चाटून-चाटून चकचकीत झालेलं. दोन हातांचा रंग कुठं गेला, हे तिला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

पिवळ्या रंगात शिसं असू शकतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते रक्तात, हाडात आणि डोक्यात जाऊन बसतं. रक्त तपासायला पाठवते, इंजेक्शनं मुंबईहून मागवते; पण तो रंग कुठला ते कळलं तर बरं होईल. पोरगी वाचेल. विसरलेलं सगळं परत येईल की नाही, ते आज सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी आशाबाई मधुसूदनरावांच्या घरी गेली. सिडकोत त्यांचं छोटं टुमदार घर होतं. रंगाच्या डब्याचं नाव तेवढं विचारावं, एवढंच तिच्या मनात होतं. त्यांच्या पत्नी दमयंतीबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि साहेब पूजेत आहेत, बसा म्हणाल्या. टीव्हीवर ताराकोट चालू होतं. पुढं त्यांची नात स्वराली मांडी घालून बसली होती, सोनियाएवढीच. तिच्या हातात काही नव्हतं. ताराकोटचे सगळे वीर काचेच्या कपाटात होते, कागदी खोक्यात, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेलं.

"खेळत नाहीस व्हय गं यांच्याशी?" आशाबाईनं विचारलं.

"आजोबा म्हणतात, नुसतं बघायचं," स्वराली म्हणाली. "चुकून हात लागला तर साबणानं दोनदा धुवायला लावतात."

आशाबाईनं पेला खाली ठेवला. मधुसूदनराव सोवळं बदलून बाहेर आले. तिची नजर कपाटावर आहे हे पाहून ते दारातच थबकले. दमयंतीबाई नातीला घेऊन आत गेल्या. मधुसूदनरावांनी टीव्ही बंद केला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. परदेशी रंग दोन वर्षांपूर्वी संपला. त्याच्या जागी मालकांनी लोखंडी गेटांना द्यायचा रंग आणला. मुलांच्या वस्तूंना लावू नये, असं डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, इंग्रजीत. त्यांनी मालकांना दोनदा सांगून पाहिलं होतं.

"आन् आमाला?" आशाबाईनं विचारलं.

मधुसूदनरावांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"कडूबाईचा हात तुमी बघितला होता, साहेब."

"बघितला होता," ते म्हणाले.

ती उठली. त्यांनी डब्याचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं. सही करा म्हटल्यावर मात्र त्यांचा हात मागं गेला. कारखान्यांची तपासणी करणाऱ्या कचेरीत आशाबाई आणि सुदर्शननं अर्ज दिला. कचेरीतले साहेब तपासणीला गेलेही, पण त्या दिवशी शेडमध्ये पिवळ्या रंगाचा एकही डबा नव्हता आणि पाट स्वच्छ धुतलेले होते. आशाबाईनं तोवर काम सोडलं होतं; ही बातमी तिला कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणींकडून कळली. दुसऱ्या दिवशी डबे परत आले, असंही त्या म्हणाल्या. त्यांना ती हात जोडून म्हणाली की सोडा ते काम. काहींनी सोडलं. बाकीच्यांच्या गावात प्यायला पाणी नव्हतं. त्या कुठं जाणार?

पण एक काम तिच्या हातातलं होतं. तिनं पोतं घेतलं आणि गल्लीतल्या दारोदार फिरून आपणच वाटलेल्या बाहुल्या परत मागितल्या. सर्जेरावनं निमूट दिल्या. काही पोरांनी पांघरुणात लपवल्या, मातीत पुरल्या. एका बाईनं तोंडावर म्हटलं की हिची पोरगी आजारी पडली म्हणून आता दुसऱ्यांच्या लेकरांचा खेळ हिला बघवत नाही. आशाबाई खाली मान घालून दारात बसून राहिली, बाहुली हातात पडेपर्यंत उठली नाही. सगळं पोतं भरल्यावर तिच्या ध्यानात आलं की गल्लीतल्या कचरूच्या घराला कुलूप आहे. त्याची बायको गयाबाई बाळंतपणाला माहेरी गेली होती, पिशोरला. बरोबर तिचा चार वर्षांचा मुलगा सांडू होता आणि सांडूचा भस्माक्ष.

सोनियाला सुदर्शनजवळ ठेवून तिनं सकाळची एसटी पकडली. कन्नडच्या रस्त्याला दोन्हीकडं रानं उघडी पडली होती. पिशोरला बाजाराचा दिवस होता. गयाबाईचं घर सापडलं. बारा दिवसांचं बाळ घेऊन ती ओट्यावर बसली होती आणि सांडू तिच्या पायाशी गुडघे पोटाशी घेऊन निजला होता.

"ह्येचं पोट लई दुखतंय गं आठ दिस झालं," गयाबाई म्हणाली. "हितलं पाणी बाधलं असंल."

आशाबाईनं तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. गयाबाईला आधी समजेना. समजलं तेव्हा तिनं सांडूच्या हातातली बाहुली ओढून उकिरड्याकडं भिरकावली. आशाबाईनं ती उचलून पिशवीत टाकली, म्हणाली की डॉक्टरीणबाईंना दाखवायला लागंल. गयाबाईची आई बाळंतिणीला बाहेर पाठवायला तयार नव्हती, पण सांडूचा चेहरा बघून तिनंच बाळाला टोपडं बांधून दिलं. दुपारच्या गाडीला अजून तासभर होता. बाळाला घेऊन तिघं बाजारातून स्टँडकडं निघाली.

बांगडीवाल्याच्या पलीकडं एका हातगाडीभोवती बायका आणि पोरं जमली होती. आशाबाई जवळ गेली. गाडीवर ढीग होता. खोकी नाहीत, प्लॅस्टिक नाही, सुटा माल. शेकडो पिवळी तोंडं एकमेकांवर पडून वर बघत होती. काहींच्या पापणीची रेघ तिच्याच हातची होती. ती तिला ओळखू आली.

"घ्या बाई, उचलून बघा," गाडीवाला म्हणाला. "लेकरानं चघळली तरी काय होत नाय."

शेजारी उभ्या असलेल्या बाईनं कडेवरच्या पोराच्या हातात एक दिलीही होती. आशाबाईनं पिशवी गयाबाईकडं दिली, पदर खोचला आणि त्या पोराच्या हातातली बाहुली काढून घेतली. पोरानं भोकाड पसरलं. बाई खवळली. गाडीवाला मधे आला. आशाबाईनं आवाज न चढवता सोनियाचं सांगितलं, बाराखडीचं, झटक्यांचं, मुंबईहून येणाऱ्या इंजेक्शनांचं. सांडूला पुढं उभं केलं. एका म्हातारीनं घेतलेली बाहुली ढिगावर परत ठेवली. दुसऱ्या एकीनं कानाडोळा करून दोन घेतल्या आणि निघून गेली.

पोरवाली बाई मात्र जागची हलली नव्हती.

"तुमी दवाखान्यातल्या हायेत का?" तिनं विचारलं. "आमच्यात दिवाळीपासून हाय ह्यो बाहुला. घरात आन् शेजारी बी."

"नाय," आशाबाई म्हणाली. "दवाखान्यातली नाय. ह्यांची तोंडं मी रंगवलीत."

स्टँडवर गाडी लागली होती. बाईनं पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि ती आशाबाईच्या मागं गाडीकडं चालायला लागली.