कॉम्प्युटरच्या खोलीतला आत्मा

हुपरीच्या शाळेत त्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीपुढं अख्खी गल्ली लोटली होती. आत भस्मेबाबा लिंबू घेऊन मशीनभोवती फिरत होते. पुटपुटत ते मशीनच्या मागं वाकले, अंगारा फुंकला, मशीन बंद करून चालू करायला लावलं. महिनाभर पडद्यावर ठाण मांडून बसलेली लाल खूण गायब!

"सांगिटलं न्हवतं व्हय?" बाबा गरजले. "वसंत मास्तराचा आत्मा हाय हितं. त्यो नवं कायबी आत यिऊ दीना. त्याच्या बायकूचं कायतरी चुकलंय, तिनं नाक घासून माफी मागाय पायजे!"

ही लॅब वारलेल्या वसंत सरांनीच उभी केली होती. त्यांच्या पत्नी माई दारात अंग चोरून उभ्या होत्या. गर्दीनं त्यांना वाट करून दिली.

लॅब सांभाळणाऱ्या मधुवंतीबाई खुर्चीत बसूनच होत्या. मशीन ज्यावर चालतं त्या लिनक्सचं अपडेट अडलंय, म्हणून मुलांच्या परीक्षेचा नवा प्रोग्राम चढत नाही, हे हेडमास्तर धैर्यशील सरांना सांगून सांगून त्यांची जीभ झिजली होती. सरांनी दर वेळी मान डोलावली आणि शेवटी बाबांना बोलावलं. आता पुन्हा कोण बोलणार? पण माई खाली वाकायला लागल्या आणि बाईंना राहवलं नाही.

"माई, थांबा. बाबा, आत्मा शांत झाला ना? मग परीक्षेचा प्रोग्राम चढवून दाखवा की."

"त्याला येळ लागतोय!"

बाईंनी मशीनमागं हात घातला. नेटची वायर उपसलेली होती. त्यांनी ती खोचली, मशीन पुन्हा चालू केलं. थोड्या वेळानं लाल खूण हजर.

"नेट असलं की मशीन नवं काय आलंय ते तपासतं आणि अडलं तर खूण दाखवतं. बाबांनी वायर काढली, तपासणंच थांबलं. थर्मामीटर फोडला म्हणून ताप उतरतो होय?"

"मग अडतंय तरी काय?" गर्दीतल्या चिमणाबाईनं विचारलं. तिची नात परीक्षेला बसणार होती.

"सरांनी मराठी टायपिंगचा एक प्रोग्राम बाहेरून आणून घातला होता. त्याला एक मदतीची फाईल जुनीच लागते. नव्या सगळ्या प्रोग्रामना तीच फाईल नवी लागते. दोन्ही एका जागी राहत नाहीत. इथं पडद्यावर स्पष्ट लिहिलंय, वाचा."

कुणी पुढं आलं नाही. बाईंनी मुलांचं काम दुसरीकडं उतरवून घेतलं, जुना प्रोग्राम काढला, अपडेट सोडलं. ते सुरळीत पार पडलं. परीक्षेचा प्रोग्रामही चढला. तोवर बाबा मागच्या दारानं सटकले होते.

"ह्यांचं पुसून टाकलंस?" माईंनी हळूच विचारलं.

"जुनं तेवढं काढलं, माई. त्याचीच नवी आवृत्ती घातलीय. मुलं सरांनी शिकवल्यासारखीच टाईप करतील."

माईंनी डोळ्याला पदर लावला. बाहेर कुणीतरी बाबांचा फोन नंबर विचारत होतं. बैल आजारी होता म्हणे. बाईंना ते ऐकू आलं. अंग मोडून आलं होतं, तरी त्या दारापर्यंत गेल्या.

"पावणं, आधी जनावरांच्या डॉक्टरला बोलवा," त्या म्हणाल्या. "कळत नसलं तर विचारा, मी शंभरदा सांगीन. पण न कळलेल्या गोष्टीचं खापर मेलेल्या माणसावर आणि त्याच्या बायकोवर फोडू नका."