दुभाजकातील कण्हेर

धुळे शहराच्या वेशीबाहेर ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांच्यामधून जाणाऱ्या महामार्गाच्या दिव्यांचा आणि झाडांचा आराखडा नूतनने आखला होता. रस्ता ओलांडण्यासाठी दुभाजकात जिथे वाट मोकळी सोडली होती, तिथे गुडघ्याएवढीच झुडपे हवीत, असा नियम; कारण ओलांडणारा माणूस ट्रकवाल्यास दुरूनच दिसला पाहिजे. परंतु श्रावणात घरोघरी बसविल्या जाणाऱ्या कानबाई देवीला कण्हेरीची फुले लागतात आणि त्यांसाठी काकूला फार हिंडावे लागते, हे मनात धरून नूतनने नेमक्या त्याच वाटेच्या दोन्ही अंगांना कण्हेर लावून घेतली होती. वेळोवेळी छाटत राहू, असे तिने ठरविले होते. पुढे ठेकेदार छाटणी सोडून गेला आणि पावसाने कण्हेर पुरुषभर उंच केली. पिवळ्या लुकलुकत्या दिव्याचा खांब उभा होता, पण त्यास अद्याप वीज नव्हती.

जळगावच्या कामावरून नूतन काल सायंकाळी आली, तेव्हा तिने ते पाहिले. आज सोमवार. कानबाई याच वाटेने पांझरा नदीवर विसर्जनास जाणार होती, आणि तिला डोक्यावर घेणार होती सुनंदाकाकू, जिने आईवेगळ्या नूतनला वाढविले होते.

सकाळीच नूतन कोयता घेऊन उभी राहिली.

"काकू, कापू दे. समोरचं काही दिसत नाही."

"कानबाई घरमा बठेल शे तवलोंग कन्हेरले कोयता नहीं लागत," काकू म्हणाली; देवी घरात असेतो तिच्या झाडास हत्यार लावावयाचे नाही, हा घरचा नेम होता. "फुलं तोड. फुलंसले कोन नहीं म्हनस?"

"मग दुसऱ्या वाटेने न्या."

"दरसालनी वाट सोडीसन? आठे वाट तूच राखेल शे ना?"

ढोलवाला जीवराम हसला. "ताई, फुलं तोडा आनि डायवरले माळ घाला. मंग तो थांबी."

सगळे हसले. नूतनला हसू आले नाही. रस्त्याच्या कामावरील मुकादम नवलच्या हाती तिने लाल फडके दिले आणि त्यास अलीकडच्या बाजूस उभे केले. स्वतः ओढणी काढून पलीकडच्या बाजूस गेली.

मिरवणूक निघाली. नवलने गाड्या अडविल्या आणि बायका दुभाजकापर्यंत आल्या. तिथे कुणीतरी फुगडी धरली, ढोल चढला, आणि काकू मात्र डोक्यावरचा देवीचा पाट सावरीत हळूहळू पुढे सरकू लागली. कानबाई नदीपर्यंत खाली ठेवावयाची नसते.

वळणावर केळींनी भरलेला ट्रक दिसला. नूतन ओढणी हलवीत त्याच्या रोखाने धावली. ट्रकवाल्याने ओढणी पाहिली. मात्र वेग त्याच्या हातचा राहिला नव्हता. नूतन कशीबशी बाजूला झाली. मागे वळून पाहते, तो कण्हेरीच्या शेंड्यांवरून नथ घातलेले कानबाईचे मुख एकटेच तरंगत पुढे येत होते. खाली काकू असेल, असे कुणासही वाटले नसते.

"काकू, थांब!"

ब्रेक किंचाळले. केळीचे दोन घड रस्त्यावर आपटले. ट्रक थांबला तेव्हा त्याच्या तोंडाशी काकू उभी होती. पाट हलला नव्हता.

ट्रकवाला खाली उतरला. तो यावलचा होता.

"मले फक्त देवीचं तोंड दिसलं, अक्का. खाली बाई हाये, हे मले दिसलंच नाही."

काकू रस्ता ओलांडून गेली, आणि नदीपर्यंत तिने एकही गाणे म्हटले नाही.

विसर्जन आटोपून बायका पाटावर नदीची वाळू घेऊन परतल्या. दुभाजकाजवळ काकू थांबली. तिने पाट जाऊबाईंच्या हाती दिला आणि नूतनकडे हात पसरला.

"कोयता आन."

"काकू, मी कापते."

"आते माय घरमा नहीं शे. पहिला घाव मना."

तिने एक फांदी तोडली, तिची फुले ओच्यात घेतली आणि कोयता नूतनच्या हाती दिला. सगळ्या बायका तोडलेल्या फांद्या ओढून बाजूस रचू लागल्या. काही वेळाने नूतनने मान वर केली. वळणावरून येणारी एक सायकल तिला दिसली. आणि सायकलवाल्यालाही ती दिसली असावी, कारण त्याने लांबूनच घंटी वाजविली.