बिल्ला नंबर एकशे बारा

जिनपुऱ्याच्या तोंडाशी रिक्षा अडकून पडल्या होत्या. नळाच्या नव्या लाइनसाठी खोदलेल्या चरातून मंगळवारी पितळी चकत्या निघाल्या आणि गुरुवारपर्यंत तिथे मांडव, लाउडस्पीकर, नारळांचा ढीग आणि जीवराम महाराज एवढं सगळं उगवलं. धुळ्याच्या चहूबाजूंनी माणसं लोटत होती. प्रत्येक चकतीला वर एक भोक, मधोमध एक आकडा.

“सरकार आधार कार्ड देतं ना?” महाराज माइकमध्ये गरजले. “हे आईचं आधार कार्ड! भक्तांना नंबर पडलेत, नंबर! कलियुग आहे, देवीलासुद्धा यादी ठेवावी लागते!”

मग ते एक काळवंडलेली चकती तीर्थाच्या हंड्यात बुडवत, वर अंगारा चोळत, मूठ आवळून डोळे फिरवत. मूठ उघडली की चकती चांदीसारखी लखलखीत! बाया जमिनीवर लोळण घेत. चकती पुन्हा हंड्यात टाकली जाई आणि तेच पाणी पेल्यापेल्याने वाटलं जाई.

मांडवाच्या खांबाला धरून वस्तीतले म्हातारे लोटन आबा उभे होते. त्यांच्या नाकासमोरून एक चकती गेली. एकशे बारा.

तो त्यांचाच बिल्ला होता. या जागी पूर्वी कापसातून सरकी काढणारं जिन होतं. कामगार सकाळी गेटवरून बिल्ला घेत, सुटी झाली की खिळ्याला टांगून जात. बिल्ला नाही तर हजेरी नाही. आबांनी इथे चौदा वर्षं सरकी आणि धूळ खाल्ली. जिन कायमचं बंद झाल्याचं कळलं, त्या संध्याकाळी कुणीच बिल्ला टांगला नाही. सगळ्यांनी गेटसमोरच्या खड्ड्यात भिरकावले. त्याच कामगारांनी ही वस्ती वसवली होती. आता त्यांच्या नातवंडांना जिनपुरा हे नाव कशावरून पडलं, तेही ठाऊक नव्हतं.

“अरे, हाऊ मन्हा बिल्ला शे!” आबा ओरडले. “ह्या बठ्ठा जिनना बिल्ला शेतस. देवीना नहीत!”

महाराज गोड हसले. “भक्तांनो, जिन आधी की देवी आधी?”

“देवी!” गर्दी म्हणाली.

“मग जिनात बिल्ले कोणी धाडले?”

“देवीनं!”

रिक्षावाल्या किरणने आबांना हाताला धरून बाजूला नेलं. “आबा, घरी जा. ऊन लागलंय तुम्हाला.”

घरी त्यांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, महाराजांकडून एक चांदीची झालेली चकती आणूनच ठेवली होती. ती लोटीत टाकून त्या सकाळ-संध्याकाळ पाणी पीत होत्या. गुडघे दुखायचे त्यांचे. आबांनी समजावलं, तशा उसळल्या. “चौदा वरीस धूळ खाधी, काय मियनं? आते देवी घर उनी तर तिले बिल्ला म्हनतस!”

कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर असं तेज दिसत होतं. आबा गप्प बसले. तेच गप्प बसणं पुढे त्यांना जन्मभर सलणार होतं.

तीन आठवड्यांत यशोदाबाईंच्या हिरड्या सोलवटल्या, हात थरथरू लागले, चेहरा सुजला. लेक ललिता कॉलेजच्या रसायनशाळेत मदतनीस होती. आईला भेटायला आली आणि तशीच दवाखान्यात घेऊन गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, “यांच्या शरीरात पारा आहे. किडन्यांवर मार बसलाय. पारा पोटात गेला कसा?”

ललिता घरी परतली. लोटीतल्या चकतीची चांदी एव्हाना फिकी पडून खालचं पितळ डोकावत होतं.

दुसऱ्या दिवशी ती भर मांडवात उभी राहिली. “महाराज, ही माझ्या घराची किल्ली. पितळीच आहे, पण हिला देवीचा नंबर नाही. करा चांदीची.”

“अपवित्र धातू!” महाराजांनी हात मागे घेतला.

ललिताने हातमोजे चढवले, त्यांच्याच डबीतला चिमूटभर अंगारा ओला केला आणि किल्लीवर घासला. किल्ली लखलखली.

“या राखेत पाऱ्याचा क्षार मिसळलाय. ओल्या पितळेवर चोळला की पाऱ्याचा पातळ थर चढतो. चमत्कार एवढाच. आणि तेच विष हंड्यात उतरतं. ते पिऊन माझी आई दवाखान्यात पडली आहे. ज्यांनी ज्यांनी प्यायलंय, त्यांनी आजच तपासून घ्या.”

महाराज मागच्या कनातीतून निसटले. पोलिसांत तक्रार झाली. वस्तीतल्या पाचसहा जणांनी तपासणी करून घेतली. बाकीचे म्हणाले, “आम्हाला तर काहीच झालं नाही.”

आता आठवड्यातून दोनदा यशोदाबाईंचं रक्त मशीनवर शुद्ध करावं लागतं. लोटीतली चकती कुठे गेली म्हणून त्यांनी एकदा विचारलं, “मन्ही देवी कथी शे?”

“ती देवी नही व्हती. जिनना बिल्ला व्हता,” आबा म्हणाले. यशोदाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्याच दिवशी शेजारची रत्ना भेटायला आली. तिने पदराआडून बाटली काढली. “आबा, शेवटचं तीर्थ जपून ठेवलंय. अक्काला एक घोट द्या. महाराज खोटा निघाला, देवी थोडीच खोटी आहे?”

आबांना रागही आला नाही. ते म्हणाले, “पोरी, मी एकदा बोललो, लोकांनी वेड्यात काढलं, मग मी गप्प बसलो. त्याची शिक्षा ही भोगते आहे. तू तरी विचार. हे कुठून आलं, कशानं झालं, पाण्यात काय आहे, विचार. उत्तर मिळेपर्यंत थेंबसुद्धा तोंडात घालू नको. विचारल्यानं देव रागवत नाही, आणि रागावलाच तर तो देव कसला? दे ती बाटली इकडे.”

रत्नाने मान डोलावली. “खरं आहे आबा तुमचं,” म्हणाली आणि बाटली पुन्हा पदराआड घेतली. आबांचा पुढे केलेला हात तसाच राहिला.