मी वाचलेली कचऱ्याची पाटी

मित्रांनो, डॉक्टरांच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या ताईंना रोजची चार मिनिटं वाचवायची होती. एवढाच काय तो लोभ.

मी त्यांच्या संगणकातला एक जुना निरोप्या आहे. प्रोग्राम लिहिणारे मला लायब्ररीतलं, म्हणजे तयार निरोप्यांच्या संग्रहातलं, फंक्शन म्हणतात. संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाभोवती काही पाट्या टांगलेल्या असतात; त्या ज्याच्या त्याने लिहायच्या. त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. कुणी विचारलं, की मी पाटी वाचून दाखवतो. ती कुणी लिहिली, विचारणारा कोण, याची चौकशी मी करत नाही. याच गुणाचं वर्षानुवर्षं कौतुक झालं.

ताई नवे फोटो आधी तात्पुरत्या कप्प्यात ठेवत, मग जुन्या फोटोंच्या कप्प्यात हलवत. तो हेलपाटा टळावा म्हणून त्यांनी 'तात्पुरता कप्पा' या पाटीवर थेट जुन्या फोटोंच्या कप्प्याचं नाव लिहिलं. तिथलं काही पुसण्याचा हक्क त्यांना नव्हताच; मग भीती कसली?

हक्क होता तात्पुरता कप्पा रिकामा करणाऱ्या सफाईच्या प्रोग्रामला. तो डॉक्टरांच्या भाच्याने लिहिलेला. सगळ्यांचा कचरा काढता यावा म्हणून त्याने प्रोग्रामच्या कमरेला डॉक्टरांच्याच किल्ल्या, म्हणजे त्यांचे सगळे हक्क, बांधल्या होत्या. संध्याकाळी ताईंनी तो सुरू केला. त्याने मला विचारलं, "तात्पुरता कप्पा कोणता?" मी ताईंची पाटी वाचली. सहा वर्षांचे फोटो गेले. राखीव प्रती भाचा 'पुढच्या आठवड्यात' काढणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस चालवणारे काका काकूंसोबत तपासणीला आले.

"डॉक्टर, छातीतला हा डाग जुनाच आहे. तुम्हीच म्हणाला होतात, घाबरू नका."

"म्हणालो असेन. पण तो वाढलाय का, हे जुना फोटो शेजारी ठेवल्याशिवाय कसं सांगू? आता सुईने तुकडा काढून तपासावा लागेल."

"आणि तोवर आम्ही काय करायचं?" काकूंनी विचारलं.

आत भाचा म्हणत होता, "मामा, पाटीच चुकीची होती."

"पाटी माझी रे," ताई कडाडल्या, "पण किल्ल्या कुणी बांधल्या?"

भाच्याने माझ्या जागी माझी धाकटी बहीण, तसंच दुसरं फंक्शन, आणली. विचारणाऱ्याच्या कमरेला उसन्या किल्ल्या दिसल्या, की ती म्हणते, "पाटीच नाही." मग प्रोग्राम स्वतःचा ठरलेला कप्पाच रिकामा करतो. ही बहीण त्याच लायब्ररीत कधीपासून बसून होती.

मित्रांनो, दुसऱ्याच्या किल्ल्या हाती असतील, तर दिसेल त्या पाटीवर विश्वास ठेवू नका.

ताईंची चार मिनिटं वाचली, ती एकच दिवस. भाच्याने एक ओळ बदलली. मला कुणी बोल लावला नाही. डाग साधाच निघाला. पण काकांच्या बरगड्यांत सुई गेली आणि निकाल येईपर्यंत काकू अकरा दिवस धड जेवल्या नाहीत. त्या दोघांचं नाव कुठल्याच पाटीवर नव्हतं.