देल्फिनोचा व्हॉल्व्ह

"गुणगुणू नकोस, एर्सिलिया! इथं कान लागतो, गळा नाही," मुकादमीण ओनोरिना खेकसली.

एर्सिलिया गप्प झाली. भातखाचरांतून आलेली बाई ती. तिकडे गाण्याशिवाय चिखलातून पाय उचलत नसे. तुरीनच्या या मोटार कारखान्यात मात्र गाणं बंद. लांब देठाच्या आळंबीसारखा एकेक व्हॉल्व्ह उचलायचा, देठावर उभा ऐरणीवर सोडायचा. खणखणला तर पास, बद्द वाजला तर भंगार.

भिंतीपलीकडे इंजिन गर्जत होतं. त्यात नव्या पोलादाचे व्हॉल्व्ह घातले होते. त्यांची चाचणी चालली होती. आठवडाभर, अखंड, शर्यतीच्या वेगात.

"टिकू दे गं, मारियामाते," ती पुटपुटली.

शेजारची चेझरिना फिसकन हसली. "कारखान्याची एवढी काळजी? मालकीण व्हायचंय वाटतं!"

काळजी कारखान्याची नव्हती. इंजिनिअरसाहेबांच्या काचेच्या कपाटात व्हॉल्व्हचं एक तुटकं डोकं होतं. दोन वर्षांपूर्वी शर्यतीत, गाडी भरधाव असताना, ते तुटून आत पडलं. इंजिन जागीच जाम झालं, गाडी उलटली. चालवणारे काउंट गवतात फेकले गेले, मोडक्या मनगटावर निभावलं. शेजारी बसलेला मेकॅनिक गाडीखाली जळाला. तो देल्फिनो, एर्सिलियाचा नवरा. शवपेटी बंदच आली. तोंड बघायला मिळालं नाही. आणि तो व्हॉल्व्ह तपासताना एर्सिलियानंच वाजवला होता. खणखणीत वाजला होता.

पाहुणे आले की साहेब तिलाच हाक मारत, "तो तुकडा आण गं. पुसून आण."

एकदा तिनं धीर केला. "साहेब, हा मला द्या. त्याच्याजवळ पुरते."

"अजून अभ्यास चाललाय, बाई. नवा टिकला की हा तुझा. शब्द देतो."

शनिवारी दुपारी इंजिन थांबवलं. शांततेनं कान दुखले. खोललेले व्हॉल्व्ह तिच्यापुढे आले. उन्हात रापलेल्या हातांसारखे काळवंडलेले, पण अख्खे.

"वाजव," साहेब म्हणाले.

तिनं एक सोडला. सगळ्या खोलीनं तो नाद ऐकला आणि टोप्या उडाल्या.

एर्सिलियानं हात धुतले, देल्फिनोचा रुमाल काढला आणि साहेबांच्या खोलीत गेली. कपाट उघडं होतं. टेबलावर दारूचे प्याले, हेझलनटांचा ढीग. काउंट त्या तुकड्यानं एकेक फोडत होते. टक्. टक्.

"साहेब, तो..."

साहेबांचा चेहरा क्षणभर पडला. "अगं हो, राहिलंच बघ. काउंटसाहेबांनी मागितला. त्यांचा जीव वाचला ना तेव्हा! आठवण म्हणून."

"माझा शकुनाचा तुकडा!" काउंट हसले. "ही कोण?"

"तपासणीतली आहे. कान फार चांगला."

एर्सिलियाच्या हातातला रुमाल उघडाच राहिला होता. काउंटनी आणखी एक फोडला, टरफल फुंकलं आणि गर रुमालावर ठेवला.

"घे गं. लाजतेस काय?"

तिनं रुमालाची गाठ मारली. जागेवर परतली.

"झाली मेजवानी?" ओनोरिना म्हणाली. "उरक आता, व्हॉल्व्हची पेटी तशीच पडलीय."

एर्सिलियानं पुढचा व्हॉल्व्ह उचलला, सोडला. तो खणखणला. नाद विरत विरत पार संपला, तरी ती कान देऊन बसली होती.

"अगं, पास ना?"

"पास," ती म्हणाली.