नागाचा कोपरा

शेठ गवत कापायचं मशीन घेणार, आणि तेही वर बसून चालवायचं, ही बातमी काळूरामनं घरी आणली तेव्हा त्याची बायको मैना भाकऱ्या भाजत होती. तव्यावरची भाकरी करपली, आणि मैनाची भाकरी एरवी कधी करपत नसे.

सापगावच्या पुढं, नदीच्या अंगाला कमळाकर शेठची पाच एकरांची बाग. बाग म्हणायची आपली. पुढं बंगला, थोडी हिरवळ, चार गुलाब. मागं उतारावर जुनी भातखाचरं, त्यांचे बांध, दगडगोटे, करवंदीच्या जाळ्या आणि पावसाळा सरला की छातीइतकं गवत. ही खाचरं एके काळी काळूरामच्याच घरची. भावाभावांत वाटे झाले, थोरल्यानं विकायचा हट्ट धरला, आणि काळूराम आपल्याच जमिनीवर वॉचमन म्हणून राहिला. एकेकाचं नशीब, दुसरं काय.

खालच्या कोपऱ्यात, उंबराखाली, बांधाला लागून दगडांचा एक ढीग होता. त्या ढिगाखाली सावळी होती. मैनाची पहिली मुलगी, आठ महिन्यांची, श्रावणात तापानं गेलेली. एवढ्याशा जिवाला कोणी जाळत नाही. आपल्या शेतात पुरतात आणि कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर दगड रचतात.

व्यवहाराच्या वेळी शेठनं विचारलं होतं, जागेत कुठं देव, थडगं, असलं काही आहे का. थोरला दीर म्हणाला, "काय नाय शेठ. नुसतं गवत हाय." मैना दाराआडून ऐकत होती. काळूरामनं तिला शपथ घातली, यातलं कुठं बोलायचं नाय म्हणून. आधी व्यवहार मोडायची भीती होती, मग नोकरी जायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तेव्हापासून त्या कोपऱ्यातलं गवत मैना एकटी विळ्यानं कापी, आणि ढिगाभोवतीचं मुद्दाम राखी. श्रावणात एकदा वाटीभर दूध ठेवून येई. बरोबरच्या बायका गवताला आल्या की सांगायची, "तिथं नाग हाय गो, जाऊ नका." तिचं माहेर मुरबाडकडचं. तिकडं एखाद्या जागेला नागाची जागा म्हटलं की विषय संपला; बापानं विळा लावला नाही तिथं नातूही लावत नाही, वर नारळ फोडतात. बायका हात जोडून लांबून जात. खोटं होतं, पण कोणाचं काही बिघडत नव्हतं.

तर दिवाळीच्या आधी ठाण्याहून एक विक्रेता टेम्पोत दोन मशिनं घालून आला. शेठ कल्याणहून आले, बरोबर सून कुणाली आणि नातू हर्षित, चार वर्षांचा, नुसता वारा. शेठ माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोला. शब्दाला गोड, दिवाळीला मैनाला लुगडं चुकलं नाही कधी.

धाकटं मशीन बुटकं, लाल, पोटाखाली पातं. विक्रेत्यानं स्वच्छ सांगितलं, हे सपाटीचं. बांध चढणार नाही, दगड लागला की पातं गेलं. थोरलं धिप्पाड, चाकं मोठी. अंगठ्याएवढं झुडूपसुद्धा कापतं, उतारावर चालतं. "फक्त दगड सगळे उचलायचे आणि बांध उतरते करून घ्यायचे. मग पाच एकर तुमची."

शेठ दोन्हींभोवती फिरले. थोरल्याच्या टायरला पाय लावून म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड व्हायचा. पुढचं तेवढं कापलं म्हणजे झालं. मागचं मैनाबाय कापतेच की."

मैनानं कितीतरी वेळानं श्वास सोडला.

पण विक्रेता पक्का. त्यानं काळूरामला थोरल्यावर बसवलं. जन्मात सायकलीपलीकडं काही न चालवलेला माणूस, स्टेअरिंग हातात आलं तशी त्याची मान ताठ झाली. पोरासारखा हसला. मैनाला त्याचा असा राग आला की विचारू नका. बसला मेला राजासारखा, आणि खाली कोण निजलंय ते विसरला?

"काळूराम, चालवायचं तुला आहे. कुठलं घेऊ?" शेठनं विचारलं.

काळूरामनं बायकोकडं पाहिलं. स्टेअरिंगवरून एकदा हात फिरवला आणि खाली उतरला. "धाकटं बरं शेठ. मला याच्यावर नाय जमायचं."

विसरला नव्हता तो. आपण त्याला मनातल्या मनात काय काय बोललो याची मैनाला लाज वाटली. शेठ विक्रेत्याला "धाकटंच द्या" म्हणतच होते. इथं गप्प बसायचं होतं. पण माणसाला मारलेला खिळा परत एकदा ठोकून बघायची खोड असते ना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसं झालं.

"हां शेठ," मैना पुढं होऊन म्हणाली, "खालच्या अंगाला मशीन नकोच. त्या उंबराखाली नाग हाय. लई जुना."

कुणालीनं पळत जाऊन हर्षितला उचललं. "बाबा, नाग आहे? आणि आपण याला इथं मोकळा सोडतो?"

शेठचा चेहरा उतरला. मैना घाईनं म्हणाली, "तो कुणाला काय करत नाय ओ. राखणदार हाय."

"असेल," शेठ म्हणाले, आणि उंबराच्या दिशेनं त्यांनी खरोखर हात जोडले. "भटजी बोलवू, पूजा करू, त्याला सांगू दुसरीकडं जा. पण माझं पोर इथं खेळणार आहे." मग विक्रेत्याकडं वळले. "मोठं द्या. दगडाचा तो कोपरा आधी साफ करून घेतो."

आता बोलायचं एकच उरलं होतं, आणि ते मैनाच्या ओठांपर्यंत आलं. काळूराम तिच्याकडं बघत होता. त्याच्या मागं त्यांची पत्र्याची खोली दिसत होती, आणि दाराशी वाळत घातलेला त्यांच्या धाकट्या पोराचा, दीपेशचा, शाळेचा शर्ट. मैनानं तोंडाला पदर लावला.

जेसीबी यायच्या आधी काळूराम घमेलं आणि फावडं घेऊन कोपऱ्यात गेला. मैना पाठोपाठ गेली नाही. तो परत आला तेव्हा घमेलं रिकामं होतं.

"काय नाय गावलं गो," तो म्हणाला. "सगळी माती झाली."

तो त्या दिवशी जेवला नाही. मग भटजी आले, नारळ फुटला, जेसीबीनं बांध ओढला, उंबर मुळासकट पाडला. दगड ट्रॉलीत भरून बंगल्याच्या रस्त्याच्या कडेला लावले आणि त्यांना चुना फासला. मैना रोज त्या रस्त्यानं झाडलोट करायची. तिचे दगड त्यांतले कोणते, ते तिला कळत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत सगळे आले. काळूराम मशीनवर बसला. खालच्या कोपऱ्याशी आला तेव्हा मैनाला वाटलं, थांबेल, निदान वळसा घालेल. तो थांबला नाही. समोर बघत, दात आवळून, सरळ गेला. दुसरं करणार तरी काय होता तो?

मशीन पुढं सरकलं आणि हर्षित अनवाणी तिथं धावत सुटला. शेठ व्हरांड्यातून खाली आले, खुशीत होते. "बघ मैनाबाय, पोर कसं मोकळं खेळतंय. तुझे उपकार आहेत. तू सांगितलं नसतंस, तर मी धाकटंच घेऊन मोकळा झालो असतो."

मैना "व्हय" म्हणाली. कापलेलं गवत गोळा करायचं काम आता तिच्याकडं होतं. दाताळं ओढत ती कोपऱ्यापर्यंत गेली.

"मैनाबाय, नाग कुठं गेला?" हर्षितनं विचारलं.

"नाग नव्हताच रे बाबा," ती म्हणाली. "तिथं कधीच नव्हता."

मागून आलेली कुणाली हसली. "अगं, मग होतं काय तिथं?"

मैना खाली वाकली आणि दोन्ही हातांनी गवत उचलून तिनं पाटीत भरलं.

"काय नाय," ती म्हणाली. "नुसतं गवत होतं."